झाकणावरची जकात

तुम्ही कधी स्वतःच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर जकात भरली आहे का? मी भरली आहे. दोन रुपये. पावतीवर 'माल' या रकान्यात आमच्या वॉचमनने स्वच्छ अक्षरात लिहिलंय: 'झाकण, १ नग, अंदर भेंडी.'

त्या सकाळी भाईंदर पूर्वेच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटवर माझ्यामागे वीसेक बायका होत्या आणि त्यांच्यामागे टेम्पोंची रांग, पार मेन रोडपर्यंत. वॉचमन रामसेवकच्या हातातलं पावतीपुस्तक घामाने ओलं झालं होतं. कोणी भांडत नव्हतं. सगळे नियमाप्रमाणे वागत होते, आणि घोटाळा नेमका तोच होता.

पेपरात 'आयात शुल्क', 'संरक्षण', 'स्पर्धात्मकता' असे शब्द आले की माझे डोळे आपोआप खालच्या बातमीवर जायचे. तुमचेही जात असतील. आमच्याकडे हे शब्द गेटवर आले आणि पर्स उघडून बघायला लागले, म्हणून मला कळले. ते कसं, तेवढं सांगते.

मी जयेशभाईंच्या गाळ्यात डिस्पॅच बघते. माल मोजून, वेळेवर, कागदांसकट बाहेर पडतो की नाही, हे माझं काम. गाळा म्हणजे इस्टेटमधलं एक युनिट. आमच्या भागात असे स्टीलच्या भांड्यांचे गाळे ओळीने आहेत. कोणी तवे करतो, कोणी तांबे, कोणी नुसते चमचे. आम्ही क्लिपवाले डबे करतो, ऑफिसला नेता तसले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डबा एका ठिकाणी बनतो. तसं नसतं. पत्र्याची गोल चकती येते, तिला आम्ही सर्कल म्हणतो. सर्कल प्रेसखाली गेलं की डब्याचं अंग तयार होतं. हे अंग हातगाडीवरून रस्त्यापलीकडच्या इस्टेटमध्ये पॉलिशला जातं, चकचकीत होऊन परत येतं. झाकणंही पलीकडूनच येतात, रफिकभाईंच्या गाळ्यातून. मग आमच्या पोटमाळ्यावर भारतीताई आणि त्यांच्या बायका झाकणात रबराची रिंग बसवतात, क्लिपा लावतात, डब्यात पाणी भरून तो उलटा धरतात. थेंब पडला नाही तर पुसून खोक्यात. या सगळ्याला फिटिंग म्हणतात. एक डबा तयार होईपर्यंत तो आणि त्याचे अवयव रस्ता ओलांडून येऊन जाऊन असतात, आणि आजवर त्याचं कोणालाच काही वाटलं नव्हतं.

भारतीताई खारीगावच्या. मूळच्या. "बिल्डिंगा आमच्या अंगनात आल्या, आमी कुठं गेलो न्हाय," असं सांगतात. त्यांच्या हाताखालच्या बायका खारीतल्या आणि गोडदेवच्या, सगळ्या चालत कामाला येणाऱ्या. घरी पाणी यायची वेळ झाली की एक जण जाऊन तिघींचे हंडे भरून येते, तोवर तिचे डबे बाकीच्या करतात. असं काम दुसरीकडे मिळत नाही. हे लक्षात ठेवा, कारण गोष्ट याच कामाची आहे.

त्या वर्षी आम्हाला थॉमस नावाच्या एजंटकडून मोठी ऑर्डर मिळाली होती. आखातातल्या मजुरांच्या कँटीनना तो डबे पुरवतो. रेट आधीच ठरलेला, त्यात चार आणे इकडे-तिकडे करायला जागा नाही. माल बरा निघाला तर पुढची ऑर्डरही आमचीच. तिच्या भरवशावर जयेशभाईंनी माळ्यावर बायका वाढवल्या होत्या.

आता सावंतसाहेब. हे आमच्या गाळेधारकांच्या सोसायटीचे चेअरमन. परळला राहायचे, बँकेतून रिटायर झाले, मिरा रोडला फ्लॅट घेतला आणि उरलेल्या पैशात आमच्या इस्टेटमध्ये गाळा. त्यात एक सेकंडहँड प्रेस आणि दोन कामगार. ते झाकणं बनवायचे. माणूस सरळ, बोलणं मात्र सर्क्युलरसारखं. त्यांची झाकणं थोडी ढिली बसायची, कारण त्यांची डाय झिजली होती. डाय म्हणजे साचा, ज्यावर पत्रा दाबतात. साचा झिजला की माप हलतं. आम्ही सगळे हे जाणून होतो. सावंतसाहेबांचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते हा बाहेरच्या स्पर्धेचा परिणाम होता. बाहेरची म्हणजे रस्त्यापलीकडची.

त्याच सुमारास एका मोठ्या देशाने भारताच्या मालावर शुल्क वाढवल्याच्या बातम्या होत्या. सावंतसाहेबांना त्यावरचे फॉरवर्ड रोज येत. जगात प्रत्येक जण आपापल्या उद्योगाला जपतोय, मग आपणच का उदार राहायचं, असा त्यांचा सवाल होता. वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला. इस्टेटबाहेरून येणाऱ्या प्रत्येक सुट्या झाकणावर दोन रुपये प्रवेश शुल्क. उद्देश, इस्टेटमधल्या उद्योगाचं संरक्षण. जमा रक्कम लिफ्टच्या दुरुस्तीसाठी.

कोणी विरोध केला नाही. तवेवाल्याला झाकण लागत नाही, चमचेवाल्याला लागत नाही, आणि लिफ्ट सगळ्यांनाच लागते. झाकणं लागायची फक्त आम्हाला. पण ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. आमच्या सोसायटीत अनुमोदक निवडायची एक पद्धत आहे: चेअरमनच्या शेजारी जो बसलाय तो. चेअरमनच्या शेजारी पंखा आहे. जयेशभाईंना घाम फार येतो, म्हणून ते कायम तिथेच बसतात. आजवर त्यांनी हिशेबाला अनुमोदन दिलंय, रंगकामाला दिलंय, सत्यनारायणाच्या वर्गणीला दिलंय. त्या दिवशी स्वतःच्या झाकणांवरच्या जकातीला दिलं.

सभेहून परत आल्यावर मी त्यांना विचारलं, "जयेशभाई, झाकणं तर आपल्यालाच लागतात ना?"

"मला वाटलं लिफ्टचा ठराव आहे, प्रज्ञाबेन."

माझे वडील मराठवाड्यातून आले आणि निम्मं आयुष्य चळवळीची पत्रकं वाटण्यात घालवलं. आमच्या घरी वाण्याच्या पुड्यांपेक्षा पत्रकं जास्त असायची, मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे 'संरक्षण' हा शब्द मला वाईट वाटत नाही. दुबळ्याच्या बाजूने उभं राहायचं असतं, यावर आमच्या घरात दुमत नव्हतं. फक्त तिथे पुढचा प्रश्नही विचारायचे: कोणाचं संरक्षण, आणि त्याचं बिल कोणाच्या नावावर? हा प्रश्न मी जयेशभाईंना विचारला. बिल आपल्या नावावर आहे हे त्यांना कळत होतं. पण आधी सावंतसाहेबांची झाकणं वापरून बघू, असं ते म्हणाले.

मी गेले. सावंतसाहेबांनी चहा पाजला. झाकण जरा ढिलं आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं, पण आपलं आहे, म्हणाले. थोडं संरक्षण मिळालं, हातात चार पैसे आले, की पहिलं काम नवी डाय. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. लहान उद्योगाला उभं राहायला वेळ द्यायचा, तेवढ्यात त्याने सुधारायचं, हा व्यवहार मला पटण्यासारखा होता.

नवी डाय आली नाही. आला तो नवा बोर्ड, आणि केबिनला एसी. शिवाय रफिकभाईंचं झाकण शुल्कामुळे दोन रुपयांनी महाग पडायला लागलं, तसं सावंतसाहेबांचं झाकणही दीड रुपयाने वाढलं. पत्रा तोच, प्रेस तोच, कामगार तेच दोघे. समोरचं महाग झालं असताना आपण स्वस्त का राहायचं, एवढाच त्यातला हिशेब. आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही हे एकदा नक्की झालं, की डाय कशाला बदलायची?

एकदा ते स्वतः माळ्यावर आले, आपलं झाकण कसं चाललंय ते बघायला. भारतीताईंनी त्यांच्यासमोर डब्यात पाणी भरलं, क्लिपा लावल्या आणि डबा उलटा धरला. पाणी सावंतसाहेबांच्या बुटांवर पडलं. थेंब नव्हे, चांगली धार.

"साहेब, ह्यो डबा न्हाय," भारतीताई म्हणाल्या. "झारी हाय."

सावंतसाहेब म्हणाले की सुरुवातीला असं होतं.

इकडे पलीकडच्या इस्टेटला आमचा ठराव कळला. त्यांनीही सभा घेतली. आमच्याकडून पॉलिशला येणाऱ्या प्रत्येक डब्यावर दोन रुपये. याला व्यापाराच्या भाषेत प्रत्युत्तर शुल्क म्हणतात. तू माझ्या मालावर लावलंस, मी तुझ्या मालावर लावतो. त्यांचा ठराव मी वाचला. आमचाच उचललेला होता. झाकणाच्या जागी डबा केलं होतं, बाकी शब्दाला शब्द. जमा रक्कम लिफ्टच्या दुरुस्तीसाठी, हेही तसंच. त्यांची इस्टेट नुसती तळमजल्याची आहे. लिफ्ट नाहीच.

म्हणजे आता आमचे डबे जाताना कर भरायचे आणि झाकणं येताना. थॉमसचा रेट तिथेच. जयेशभाई रात्रंदिवस कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे आणि मग एका दुपारी एकदम हसायला लागले. त्यांना ठरावातला एक शब्द सापडला होता. सुट्या. सुट्या झाकणांवर शुल्क. झाकण डब्यावर बसलेलं असेल तर ते सुटं कुठे?

त्यांनी पलीकडे बोलणी केली. आमचं अंग तिकडे जाणार, पॉलिश होणार, तिथेच रफिकभाईंच्या माळ्यावर फिटिंग होणार आणि क्लिपा लावलेला पुरा डबा परत येणार. फिटिंगचं काम त्यांच्याकडे येतंय म्हटल्यावर समोरच्यांनी त्यांचं शुल्कही माफ केलं. पहिली गाडी गेटवर आली तेव्हा रामसेवकने एक डबा उचलला, हलवून पाहिला, झाकण ओढून पाहिलं. "बैठा हुआ है, तो झाकन नहीं. डब्बा है," असा निकाल दिला आणि गाडी आत सोडली. जयेशभाई खूश. एक पैसा शुल्क नाही, आणि सगळं कायद्याप्रमाणे.

फक्त माळा रिकामा झाला.

फिटिंग पलीकडे गेल्यावर आमच्या बायकांना पुसायचं आणि खोक्यात भरायचं एवढंच उरलं. रफिकभाईंनी तिकडे त्यांच्या ओळखीतल्या बायका लावल्या होत्या, त्यांना आणखी नको होत्या. जयेशभाई माळ्यावर गेले, खाली बघत बोलले. पुढच्या महिन्यापासून निम्म्याच बायका लागतील. नावं भारतीताईंनी ठरवावीत.

भारतीताईंनी नावं ठरवायला नकार दिला. ज्याने पंख्याखाली बसून सही केली त्यानेच ठरवावं, असं त्या म्हणाल्या. जयेशभाई खाली येऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

सावंतसाहेबांच्या प्रेसवर दोन कामगार. त्यांना जपायला काढलेल्या ठरावाने माळ्यावरच्या निम्म्या बायका घरी चालल्या होत्या, आणि त्यांचं काम ज्यांच्यापासून संरक्षण हवं होतं त्यांच्याकडेच गेलं होतं. गेटवर भिंत घातली की माल थांबतो असं वाटतं. माल थांबत नाही, तो वळसा घालतो आणि जाताना काम घेऊन जातो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण क्लिपा लावलेले डबे आत येताना सावंतसाहेबांनी पाहिले. त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुरुस्ती टाकली: 'झाकण सुटं असो वा कोणत्याही वस्तूवर बसवलेलं असो, इस्टेटच्या गेटमधून आत येणारं कोणतंही झाकण शुल्कास पात्र राहील. यातून कोणासही सवलत नाही.' खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात जयेशभाईंचाही अंगठा होता. सवयीने.

आता त्यांच्यापुढे एकच वाट राहिली. पलीकडे गाळा भाड्याने घ्यायचा, प्रेस तिकडे हलवायचे आणि माल तिथूनच परस्पर रवाना करायचा. मग आमच्या माळ्यावर निम्म्या काय, एकही बाई लागणार नव्हती. थॉमसचा फोन आला की तो गुरुवारी इन्स्पेक्शनला येतोय आणि त्याला उशिराच्या बातम्या कानावर आल्यात. जयेशभाईंनी आम्हाला सांगितलं, गुरुवारनंतर काय ते ठरवू. त्यांच्या टेबलावर पलीकडच्या एका रिकाम्या गाळ्याची चावी होती, ती बघून आम्हाला काय ते समजलं.

मग मला जे येतं तेच मी केलं. मी पत्रक लिहिलं. 'झाकणशाहीविरुद्ध', दोन पानं, दोन्ही बाजूंनी. त्यात सगळं होतं: मूठभरांचं हित, बहुजनांचं नुकसान, संरक्षणाच्या नावाखाली चाललेली पिळवणूक. जेवणाच्या सुट्टीत माळ्यावर वाचून दाखवलं. बायकांनी शांतपणे ऐकलं. एकीने मधेच डुलकी काढली.

"पोरी, चांगला हाय," भारतीताई म्हणाल्या. "पन श्वास कुठं घेवाचा? आनि शेवटी आमी करायचा काय, ते तं लिवलंसच न्हाय."

खरं होतं. वडिलांच्या प्रत्येक पत्रकात शेवटच्या ओळीला काहीतरी करायला सांगितलेलं असायचं: या, जमा, सही करा, काम बंद ठेवा. माझं पत्रक नुसतंच चिडलेलं होतं. त्याच्या उरलेल्या प्रती संध्याकाळपर्यंत डब्यांमध्ये ओरखडे पडू नयेत म्हणून वापरल्या गेल्या, आणि ते काम त्यांनी चोख केलं.

पण ते पत्रक लिहिण्यासाठी मी दुरुस्तीचा मेसेज कागदावर उतरवून घेतला होता. तो मी पुन्हा मोठ्याने वाचला. कोणतंही झाकण. कोणासही सवलत नाही. समोर बायकांचे जेवणाचे डबे उघडे होते आणि त्यांची झाकणं जमिनीवर पडली होती. मी त्यांच्याकडे बघत होते. भारतीताई त्यांच्याकडे बघत होत्या. आधी कोण हसलं ते आता आठवत नाही.

गुरुवारी आम्ही सगळ्या एकदम गेटवर आलो. प्रत्येकीच्या हातात सुटे पैसे. मोडायचं काहीच नव्हतं, फक्त पाळायचं होतं.

मी पुढे होऊन डबा दाखवला. रामसेवक म्हणाला, "मॅडम, ये तो खाने का है."

"खाना अंदर है. ऊपर झाकन है. और रूल में लिखा है, किसी को छूट नहीं," मी म्हटलं. "पावती दे दो, बस."

त्याने सावंतसाहेबांना फोन लावला. ते गाडीत होते. जयेशभाईंचीच काहीतरी चलाखी असणार, असं त्यांना वाटलं. एकही झाकण पावतीशिवाय आत सोडायचं नाही, असं त्यांनी ठणकावलं आणि फोन ठेवला. आता रामसेवककडे ऑर्डर होती. त्याने माझी पावती फाडली. भेंडी त्याने का लिहिली ते माहीत नाही, पण माणूस प्रामाणिक आहे.

भारतीताईंचा डबा तीन पुडांचा. तिथे पहिला पेच पडला. रामसेवक एक झाकण मोजत होता. भारतीताईंना ते मान्य नव्हतं. वरचं झाकण वरच्या पुडाचं, पण मधल्या पुडाला झाकण कोणाचं? वरच्या पुडाच्या बुडाचं. "न्हाय तं मी भाजी काय उघडीच आनली खारीवरून?" असं त्यांनी विचारलं. रामसेवकने डबा सोडून पुन्हा रचून पाहिला, विचार केला आणि तीन लिहिले. सरकारी कस्टम्समध्ये याला वर्गीकरणाचा वाद म्हणतात. एखादी वस्तू नक्की काय आहे यावर तिथे मोठमोठे वकील भांडतात. आमच्याकडे तो चार मिनिटांत मिटला, पण मागच्या बाईकडे चार पुडांचा डबा होता.

मग पाण्याच्या बाटल्या निघाल्या. चुन्याची डबी, लिपस्टिक, पेनाचं टोपण. कोणी काही लपवलं नाही, उलट रामसेवक विसरला तर आठवण केली. टेम्पोवाल्यांना पहिल्यांदा वैताग आला, मग कारण कळल्यावर एक जण स्वतःहून उतरला आणि डिझेलच्या टाकीचं झाकण दाखवून पावती मागू लागला. मालकाकडून वसूल करता येईल, हा त्याचा विचार.

अशात थॉमस आला. हातात कॉफीचा कागदी कप, वर प्लॅस्टिकचं झाकण. रामसेवकने त्यालाही अडवलं. मी जाऊन त्याला सगळं समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं की कॉफी बाहेरच प्यायली तर? मी म्हटलं, तर काही नाही. मग तो गेटबाहेर भिंतीला टेकून कॉफी पीत उभा राहिला. शुल्क लावलेला माल आत येतच नाही, बाहेरच संपतो, हे मी पुस्तकात नव्हतं वाचलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

सावंतसाहेबांची गाडी आली ती टेम्पोंच्या मागे अडकली. ते उतरून चालत पुढे आले. टेम्पोंच्या रांगेत पहिलाच वसईहून आलेला होता, त्यात गोण्या. रामसेवक आता पूर्ण भरात होता. त्याने एका गोणीचं तोंड सोडलं.

"साहब, झाकन."

सावंतसाहेबांनी गोणीत पाहिलं. "अरे, ही माझीच झाकणं आहेत."

"जी. बाहर से आ रही हैं."

"आपली आहेत, रामसेवक. परत आली आहेत."

"क्यों परत आयीं, साहब?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं. त्याला पावतीवर लिहायचं होतं.

सावंतसाहेबांनी गोणीचं तोंड पुन्हा आवळलं. वसईच्या ज्या व्यापाऱ्याला त्यांनी ती विकली होती, त्याच्यावर त्यांचा ठराव चालत नव्हता. त्याला गेट नव्हतं, त्याच्यापुढे दहा जणांची झाकणं होती, आणि त्याने ढिली झाकणं उचलून परत पाठवली होती.

"झारी," भारतीताई हळूच म्हणाल्या.

मी या माणसावर दोन पानं लिहिली होती, दोन्ही बाजूंनी. तरी खरं ते सांगायला हवं. ते चिडले नाहीत. त्यांनी गोण्यांकडे पाहिलं, बायकांच्या हातातल्या पावत्यांकडे पाहिलं, भिंतीला टेकून कॉफी पिणाऱ्या थॉमसकडे पाहिलं. मग रामसेवकला विचारलं की गोण्यांमधली झाकणं मोजायला किती वेळ लागेल. तो म्हणाला, दुपार होईल. सावंतसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हा ठराव मागे घेण्यात यावा असं मी सुचवतो. अनुमोदक?"

जयेशभाई गोंधळ ऐकून खाली आले होते आणि वॉचमनच्या केबिनमधल्या छोट्या पंख्यासमोर उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"हे अनुमोदन मी वाचून देतो," ते म्हणाले.

थॉमसने त्या दिवशी माल तपासला. रफिकभाईंच्या झाकणांचे डबे उलटे धरले, एक थेंब पडला नाही. पण सगळंच काही सुखात संपलं नाही. मधल्या गोंधळात ऑर्डरचा एक भाग तो दुसऱ्या शहरातल्या कारखान्याला देऊन बसला होता, तो परत आला नाही. फिटिंग माळ्यावर परत आलं आणि एकाही बाईला घरी जावं लागलं नाही. चावीही परत गेली. ओव्हरटाइम मात्र गेला तो गेलाच.

पलीकडच्यांनी त्यांचं शुल्क मागे घ्यायला बराच वेळ लावला. जमलेल्या पैशांचं काय करायचं यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी त्यातून लिफ्ट कुठे बसवता येईल याची पाहणी केली. तळमजल्यावर. रफिकभाईंनी सावंतसाहेबांना आपल्या डायमेकरचा नंबर दिला, न मागता. सावंतसाहेबांनी एसी विकला की नाही माहीत नाही, पण डाय नवी आली. आता ते मसाल्याच्या डब्यांची झाकणं करतात आणि ती बऱ्यापैकी बसतात. आमची लिफ्ट अजून बंद आहे.

देशाच्या गेटवरही याहून वेगळं काही होत नाही. पत्र्यावर शुल्क बसलं की पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचं भलं होतं, त्याचा फोटो छापून येतो. सर्कल महाग होतं, डबा महाग होतो, परदेशातला थॉमस दुसऱ्या दारात जातो आणि एका माळ्यावरचा ओव्हरटाइम बंद होतो. त्याचा फोटो येत नाही. सगळी गेटं उखडून टाका, असं मी म्हणणार नाही. उद्या कोणी बडा व्यापारी रफिकभाईंना संपवायला मुद्दाम तोट्यात झाकणं ओतायला लागला, तर त्याच्याविरुद्धचा ठराव मी स्वतः लिहीन. पण त्यात ठराव कधी संपणार ती तारीख लिहीन, आणि तोवर डाय बदलायची अट.

या वेळी शेवटी काय करायचं ते लिहिते. तुमच्या सोसायटीत, बाजारात, संघटनेत कधी ना कधी असा कागद फिरेल: बाहेरचं बंद, आपल्यांचं संरक्षण. सही करण्याआधी विचारा की त्या बाहेरच्या मालावर आतल्या कोणाचं काम चालतं. त्या माणसाला सभेला बोलवा, त्याला बोलू द्या, आणि ठरावावर संपायची तारीख लिहून घ्या. आणि कृपा करून पंख्याखाली बसू नका.